छायाचित्रांचे संपादन आणि डिजिटल संग्रह : सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

कॅमेऱ्यातली किंवा मोबाइलमधली छायाचित्रे संगणकावर उतरवली की बहुतेक जण लगेच संपादनाला हात घालतात. चित्र थोडे उजळ करायचे, नकोशी कडा कापायची, त्याच नावाने जतन करायचे आणि पुढच्या चित्राकडे वळायचे, हा क्रम सहज अंगवळणी पडतो. पुढे कधीतरी मोठा प्रिंट काढायची वेळ येते, किंवा चित्रातली माणसे कोण असे कोणी विचारते, तेव्हा लक्षात येते की मूळ फाइल उरलेलीच नाही आणि जी आहे तिच्यासोबत तारखेपलीकडे काहीच माहिती नाही. जुने प्रिंट, निगेटिव्ह आणि डिजिटल फाइल अशा मिश्र संग्रहाची व्यवस्था लावताना ज्या गोष्टी मला ठिकठिकाणांहून गोळा कराव्या लागल्या, त्या इथे कामाच्या क्रमाने मांडल्या आहेत. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा नियम आधीच सांगते: मूळ फाइलला हात लावायचा नाही. संपादन नेहमी प्रतीवर, किंवा मूळ फाइल जशीच्या तशी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करायचे.

सुरुवातीपूर्वी हाताशी काय असावे

- संगणक आणि कार्ड रीडर.
- दोन स्वतंत्र बाह्य हार्ड डिस्क. एकाच डिस्कचे दोन भाग पाडले तर त्या दोन डिस्क होत नाहीत.
- रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेल्या कच्च्या नोंदीवर, काम करणारे सॉफ्टवेअर. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही मोफत आहेत. लाइटरूम वर्गणी भरून मिळते.
- डाग काढणे किंवा थरांवर (लेयर) काम करणे यासाठी गिंप किंवा फोटोशॉप.
- संग्रह चाळण्यासाठी आणि माहिती भरण्यासाठी डिजिकॅम हे सॉफ्टवेअर. एकाच वेळी शेकडो फाइलींची माहिती दुरुस्त करायची असेल तर एक्झिफटूल.
- जुने प्रिंट असतील तर फ्लॅटबेड स्कॅनर, मऊ ब्रश आणि सुती हातमोजे.
- चित्रे दुसऱ्या कोणी काढलेली असतील तर त्यांची लेखी परवानगी.

महागडे सॉफ्टवेअर नाही म्हणून काम अडून राहत नाही. दुसऱ्या हार्ड डिस्कवर मात्र काटकसर करू नये.

१. फाइली उतरवा आणि मूळ संच बाजूला ठेवा

कार्डवरून फाइली उतरवताना कट-पेस्ट न करता कॉपी करावी. हलवताना मध्येच केबल निघाली तर अर्धवट फाइल एकीकडे आणि रिकामे कार्ड दुसरीकडे अशी अवस्था होऊ शकते. कॉपीमध्ये कार्डवरची फाइल शाबूत राहते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का ते पाहावे, अधूनमधून काही फाइली पूर्ण आकारात उघडून पाहाव्यात, आणि दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रत पोहोचल्यावरच कार्ड कॅमेऱ्यातून फॉरमॅट करावे.

मोबाइलमधली चित्रे केबलने उतरवावीत. संदेश पाठवण्याच्या ॲपमधून फोटो म्हणून पाठवलेले चित्र सहसा लहान आणि दाबलेले होऊन पोहोचते आणि कधी, कुठे, कोणत्या कॅमेऱ्याने काढले ही माहिती वाटेतच गळून पडते. दुसऱ्याकडून चित्र मागवायचे असेल, तर त्यांना फाइल किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. आयफोनवर २०१७ पासून चित्रे मुळात एचईआयसी स्वरूपात साठवण्याची सोय आहे. हे स्वरूप सगळीकडे उघडत नाही म्हणून जेपेग करून मूळ फाइल काढून टाकणारे बरेच आहेत. तसे करू नये. जेपेग हवी असेल तर ती वेगळी प्रत समजावी.

याच टप्प्यावर कॅमेऱ्याचे घड्याळ तपासावे. घड्याळ तासाभराने पुढे असेल, किंवा प्रवासात वेळ बदलायची राहिली असेल, तर सगळ्या फाइलींची वेळ एकदम सरकवता येते. अशी दुरुस्ती मूळ संचावर न करता कामासाठी काढलेल्या त्याच्या प्रतीवर, नावे देण्याआधी करावी; नावे दिल्यावर हीच चूक फाइलींच्या नावांतही शिरते.

२. नावे आणि फोल्डर

कॅमेरा फाइलींना चार आकडी क्रमांक देतो आणि ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. म्हणजे एकाच नावाच्या दोन वेगळ्या फाइली तुमच्याकडे आज ना उद्या येणारच, आणि त्या एका फोल्डरमध्ये आल्या की एक दुसरीवर लिहिली जाण्याचा धोका असतो. म्हणून नावाच्या सुरुवातीला वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख, मग लहानसा विषयसंकेत आणि शेवटी क्रमांक अशी रचना ठेवावी. दिवस आधी लिहिला तर वेगवेगळ्या महिन्यांच्या पहिल्या तारखा एकत्र येतात. वर्ष आधी असले तर नावाच्या क्रमाने लावलेली यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. नावात मोकळी जागा, तिरपी रेघ, अपूर्णविराम (:) किंवा प्रश्नचिन्ह टाळावे, कारण एका संगणकावर चालणारे नाव दुसऱ्यावर नाकारले जाऊ शकते. फाइलींच्या नावांपुरती रोमन अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर वापरणे सोयीचे पडते. वर्णन मात्र खुशाल देवनागरीत लिहावे.

फोल्डरांची रचना साधी ठेवावी: वर्ष, त्यात एकेका प्रसंगाचे फोल्डर, आणि प्रत्येकात मूळ, संपादित आणि वाटपासाठी असे तीन भाग. विषयवार फोल्डर करण्याचा मोह होतो, पण एकच चित्र माणसाचे असते, ठिकाणाचे असते आणि प्रसंगाचेही असते. विषयाची माहिती वर्णनात द्यावी. फाइलीच्या नावात ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ असे शब्दही नकोत. आवृत्ती दाखवायची तर शेवटी १, २ असा आकडा पुरतो.

३. निवड

निवड दोन फेऱ्यांत करावी. पहिल्या फेरीत फक्त हललेली, डोळे मिटलेली, चुकून टिपली गेलेली चित्रे बाजूला काढावीत. दुसऱ्या फेरीत एकसारख्या चित्रांतून एक निवडावे. खोडण्याचे काम त्याच दिवशी करू नये.

४. पडदा आणि रंगाची चौकट

फार उजळ पडद्यावर संपादन केलेले चित्र छापल्यावर काळपट येते, आणि दोष प्रिंटरला दिला जातो. संपादनासाठी पडद्याची उजळी साधारण १०० ते १२० कँडेला दर चौरस मीटर, पांढऱ्या रंगाचे तापमान ६५०० केल्विन आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात हे ठरवणारा आकडा) २.२ ही प्रचलित मोजमापे आहेत. कॅलिब्रेशनचे उपकरण पडद्यावर लावून ती नेमकी साधता येतात. उपकरण नसेल तर निदान खोलीतला उजेड कायम तसाच ठेवावा, पडद्यावर थेट ऊन पडू देऊ नये, आणि रात्री पडदा पिवळसर करणारी सोय काम करताना बंद ठेवावी.

रंगाची चौकट म्हणजे कलर स्पेस. १९९६ मध्ये पुढे आलेली एसआरजीबी ही चौकट जवळजवळ प्रत्येक पडदा ओळखतो, म्हणून लोकांना द्यायच्या प्रती त्यातच असाव्यात. ॲडोबी आरजीबी किंवा प्रोफोटो आरजीबी यांत जास्त रंग मावतात, पण ते संपादनाच्या आणि संग्रहाच्या फाइलींसाठी. कोणतीही चौकट घेतली तरी तिचे प्रोफाइल फाइलीत जोडलेले असायला हवे. ते नसेल तर पुढच्या संगणकाला अंदाज करावा लागतो आणि रंग फिके किंवा भडक दिसू लागतात.

५. संपादन

इथे घाई करू नये. जेपेग फाइल लाल, हिरवा, निळा यांतल्या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या नोंदवते. १२ बिटची रॉ फाइल ४०९६ आणि १४ बिटची १६३८४. अंधारलेला भाग उजळताना या पायऱ्यांचाच उपयोग होतो. जेपेगमध्ये तो भाग लवकर पट्ट्यापट्ट्यांचा दिसू लागतो, रॉमध्ये बराच वेळ तग धरतो. कॅमेऱ्यात सोय असेल तर महत्त्वाच्या कामासाठी रॉ ठेवावी.

एक उदाहरण घेऊ. खिडकीशेजारी बसलेल्या व्यक्तीचे चित्र आहे. चेहऱ्याची एक बाजू अंधारात आहे आणि खिडकीबाहेरचे आकाश पांढरेफटक पडले आहे. प्रथम हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे अंधारे आणि उजवीकडे उजळ पिक्सेल किती ते दाखवणारा आलेख, पाहावा. आलेख उजव्या कडेला चिकटून उंच गेला असेल तर आकाशातला तपशील कापला गेला आहे. जेपेगमध्ये तो परत येत नाही. रॉमध्ये तिन्ही रंग कापले गेले नसतील तर काही भाग परत मिळतो, म्हणून आधी उजळ भाग खाली आणावा आणि मगच सावल्या वर घ्याव्यात. सावल्या इतक्याच वर घ्याव्यात की त्वचा दिसेल; चेहऱ्यावर रंगीत दाणे उमटायला लागले की हात आखडता घ्यावा. खिडकीचा उजेड निळसर आणि खोलीतल्या दिव्याचा पिवळसर असल्याने एकच व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) दोन्हींना लागू पडणार नाही. अशा वेळी पाहणाऱ्याची नजर जिथे जाते त्या चेहऱ्यावरून व्हाइट बॅलन्स ठरवावा आणि उरलेल्या भागाला मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, वेगळा हलका बदल द्यावा. तो भाग थोडा निळा राहिला तर राहू द्यावा, कारण त्या खोलीत उजेड तसाच होता.

यावरून क्रम असा निघतो: क्षितिज सरळ करणे, उजेड, रंग, विशिष्ट भागांवरचे बदल, दाणे कमी करणे, कातरणे आणि शेवटी शार्पनिंग, म्हणजे कडा धारदार करणे. दाणे आणि शार्पनिंग दोन्ही चित्र १०० टक्के आकारात उघडूनच तपासावे. लहान आकारात सगळेच नीट दिसते, आणि कडांभोवतीची पांढरी रेघ छपाईतच पहिल्यांदा नजरेस येते. शार्पनिंग किती हवे हे शेवटच्या आकारावर ठरते, त्यामुळे संग्रहाच्या फाइलीत ते अगदी कमी ठेवून वाटपाच्या प्रतीवर हवे तेवढे द्यावे.

चित्रातले काय काढावे, याचाही निर्णय आधी करावा. सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका काढायला हरकत नाही, तो त्या जागी नव्हताच. मागे उभा असलेला माणूस, भिंतीवरची पाटी किंवा जमिनीवरचा कचरा तिथे होता. चित्र नोंद म्हणून जपायचे असेल तर तो काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने अस्पष्ट चेहरा धारदार करताना मूळ चित्रात नसलेले तपशील स्वतः रचतात. अशी प्रत वेगळी ठेवावी आणि काय केले ते तिच्या वर्णनात लिहावे. ते लिहिले नाही तर काही वर्षांनी तो रचलेला चेहराच त्या माणसाचा खरा चेहरा म्हणून ओळखला जाईल.

६. कोणत्या स्वरूपात जतन करावे

मूळ रॉ किंवा मूळ जेपेग आहे तशी राहते. पूर्ण झालेल्या महत्त्वाच्या चित्रांची १६ बिट टिफ (पुन्हा जतन केल्याने माहिती कमी न होणारे स्वरूप) करून ठेवावी, आणि वाटपासाठी त्यावरून जेपेग काढावी. २४ मेगापिक्सेलचे चित्र १६ बिट टिफमध्ये सुमारे १४४ मेगाबाइट जागा घेते आणि ८ बिटमध्ये त्याच्या निम्मी, म्हणून सरसकट सगळ्यांची टिफ करण्याची गरज नाही. १६ बिट टिफ लहान करण्यासाठी एलझेडडब्ल्यू पद्धतीचे कॉम्प्रेशन लावले तर फाइल अनेकदा लहान होण्याऐवजी मोठी होते. त्यापेक्षा झिप पद्धत बरी. जेपेग उघडून, बदलून पुन्हा जेपेग म्हणूनच जतन केली की प्रत्येक वेळी थोडी माहिती कमी होते. नुसती उघडून पाहिल्याने किंवा कॉपी केल्याने काही होत नाही.

एक सापळा नवख्यांना हमखास गाठतो. लाइटरूम किंवा डार्कटेबलमध्ये केलेले बदल चित्रात नसतात; ते सूचनांच्या रूपात कॅटलॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या नोंदवहीत, किंवा चित्राशेजारच्या एक्सएमपी फाइलीत असतात. फोल्डर सॉफ्टवेअरबाहेरून हलवले की दुवे तुटतात, आणि एक्सएमपी मागे राहिली की चित्र पुन्हा असंपादित दिसू लागते. फोल्डर हलवायचे ते सॉफ्टवेअरच्या आतूनच हलवावेत आणि कॅटलॉगचाही बॅकअप घ्यावा. या सूचना एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात पूर्णपणे जात नाहीत, हेही टिफ करून ठेवण्याचे एक कारण.

७. जुने प्रिंट आणि निगेटिव्ह

प्रिंट त्याच आकारात पुन्हा छापायचा असेल तर दर इंचाला ३०० पिक्सेल पुरतात; ६०० घेतले तर दुप्पट आकाराला वाव राहतो. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट केवळ २४ बाय ३६ मिलिमीटरची असल्याने तिला खूप जास्त लागतात: दर इंचाला ४००० पिक्सेल घेतले की सुमारे ३७८० बाय ५६७० पिक्सेलचे, म्हणजे २१ मेगापिक्सेलच्या आसपासचे चित्र मिळते. स्कॅनरच्या खोक्यावर लिहिलेला सर्वांत मोठा आकडा पुष्कळदा गणिताने फुगवलेला असतो. ऑप्टिकल म्हणून दिलेला आकडा तेवढा धरावा.

स्कॅनरची स्वयंचलित रंगदुरुस्ती, शार्पनिंग आणि ओरखडे काढण्याची सोय मुख्य स्कॅनसाठी बंद ठेवावी. प्रिंट पिवळा पडला असेल तर तो पिवळाच स्कॅन होऊ द्यावा आणि दुरुस्ती प्रतीवर करावी. प्रिंट कडांच्या आत न कापता पूर्ण घ्यावा, पांढरी किनार आणि स्टुडिओचा उठावाचा शिक्काही त्यात यायला हवा.

मागची बाजूही स्कॅन करावी. पेन्सिलीने लिहिलेले एखादे नाव, खोडून पुन्हा लिहिलेले वर्ष, अल्बममधून काढताना चिकटून आलेला काळा कागद, छपाईच्या कागदाचा शिक्का यांवरून पुढे तारीख आणि माणसे ठरवता येतात. पुढच्या आणि मागच्या फाइलीला एकच क्रमांक द्यावा आणि शेवटी a, b असे रोमन अक्षर लावावे. गटछायाचित्र असेल तर प्रिंटवर कधीही पेनाने खुणा करू नयेत. स्कॅनची साधी प्रत छापून त्यावर आकडे टाकावेत आणि ती प्रत घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर ठेवावी. आकडे समोर असले की ‘तिसरा कोण’ एवढेच विचारावे लागते आणि उत्तरे भराभर मिळतात.

८. वर्णन भरा

कॅमेरा स्वतः नोंदवतो ती माहिती एक्झिफ या भागात असते: वेळ, लेन्स, शटरचा वेग, आणि चालू असेल तर अक्षांश-रेखांश. आपण भरायची माहिती आयपीटीसी आणि एक्सएमपी या भागांत जाते. निदान इतके भरावे: शीर्षक, चित्रात काय चालले आहे हे सांगणारी दोन वाक्ये, डावीकडून उजवीकडे नावे, ठिकाण, तारीख, छायाचित्रकार, हक्क कोणाकडे आहेत आणि ही माहिती कोणी दिली. शेवटचा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात. पाठीमागच्या मजकुरावरून मिळालेले नाव, चेहऱ्यावरून केलेला अंदाज आणि त्या प्रसंगी हजर असलेल्या व्यक्तीने सांगितलेले नाव यांचे वजन सारखे नसते, आणि पुढे दोन माहितींत विरोध आला तर याच नोंदीवरून निवाडा करता येतो.

स्कॅन केलेल्या चित्राला संगणक स्कॅनची तारीख देतो; ती चित्राची तारीख म्हणून राहू देऊ नये. नेमके वर्ष माहीत नसेल तर खोटी अचूकता आणू नये. तारखा लिहिण्याच्या २०१९ च्या आयएसओ ८६०१-२ मानकात अंदाजे वर्षानंतर ~ आणि शंकास्पद वर्षानंतर ? असे चिन्ह देण्याची सोय आहे, तीच वर्णनात वापरावी. गावाचे नाव बदललेले असेल तर त्या काळचे आणि आजचे अशी दोन्ही लिहावीत. शोधशब्दांची एक यादी आधी तयार करावी आणि तिच्याबाहेर जाऊ नये. ‘लग्न’, ‘विवाह’ आणि ‘लग्नसमारंभ’ असे तीन शब्द वापरले की शोध घेताना दर वेळी बरीच चित्रे निसटतात.

९. संग्रह आणि पडताळणी

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी: हा ३-२-१ नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झाला. दुसरे ठिकाण म्हणजे क्लाउड असू शकते किंवा नातेवाइकांकडे ठेवलेली हार्ड डिस्क. आपोआप जुळवून घेणारे क्लाउड फोल्डर ही बॅकअपची जागा घेत नाही, कारण संगणकावर खोडलेली फाइल तिथूनही खोडली जाते. एकाच खोक्यातल्या अनेक डिस्क एकत्र जोडून केलेली रेड ही रचनाही बॅकअप नव्हे; ती डिस्क बंद पडण्यापासून वाचवते, चोरी, आग किंवा चुकीच्या आज्ञेपासून वाचवत नाही. वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवायचे असेल तर एसएसडीवर विसंबू नये.

प्रती असल्या तरी त्या धड आहेत का, हे कळायला हवे. त्यासाठी चेकसम. एसएचए-२५६ पद्धतीने प्रत्येक फाइलीवरून ६४ चिन्हांची एक ओळ तयार होते, आणि फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण वेगळी येते. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींमध्ये ही ओळ काढण्याची आज्ञा आधीपासून असते. मूळ संच उतरवल्या दिवशीच यादी काढून ठेवावी आणि वर्षातून निदान एकदा प्रतींशी ताडून पाहावी. न जुळणारी फाइल दुसऱ्या प्रतीवरून पुन्हा आणावी. चेकसमची यादी आणि फाइली एकत्र बांधण्यासाठी बॅगइट ही सोपी रचना आहे. ती २०१८ मध्ये आरएफसी ८४९३ म्हणून प्रसिद्ध झाली आणि अनेक ग्रंथालये फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी ती वापरतात. वर्णन बदलले की चेकसमही बदलतो, म्हणून मूळ संचात वर्णन न लिहिता ते एक्सएमपीत किंवा संपादित प्रतीत लिहावे.

यासोबत वर्षातून एकदा एखादे फोल्डर बॅकअपवरून खरोखर परत आणून उघडून पाहावे.

१०. चित्रे बाहेर देताना

इतरांना द्यायच्या प्रतींतून अक्षांश-रेखांश काढून टाकावेत, विशेषतः चित्र घरात काढलेले असेल किंवा त्यात लहान मुले असतील तर. प्रिंट तुमच्या ताब्यात आहे म्हणून त्याचा कॉपीराइट तुमचा होत नाही. तो सहसा छायाचित्रकाराकडे, त्याच्या वारसांकडे किंवा काम सोपवणाऱ्याकडे असतो आणि देशोदेशीचा कायदा वेगळा असतो. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहाच्या संकेतस्थळावर चित्र टाकायचे असेल तर व्यावसायिक वापर आणि बदल या दोन्हींना मुभा देणारा परवानाच चालतो, आणि एकदा दिलेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना मागे घेता येत नाही. एखाद्या संग्रहालयाला संच द्यायचा असेल तर त्यांना कोणते स्वरूप, माहितीचे कोणते रकाने आणि हक्कांचे कोणते लेखी करारपत्र लागते हे फाइली तयार करण्याआधी विचारावे, म्हणजे दोनदा काम करावे लागत नाही.

संग्रहाच्या मुख्य फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक फाइल ठेवावी. फोल्डरांची रचना, नावांतल्या संकेतांचे अर्थ, प्रती कुठे आहेत, चेकसमची यादी कुठे आहे आणि शेवटची पडताळणी कधी झाली, एवढे तिच्यात असावे. डिस्कला किंवा क्लाउडला पासवर्ड असेल तर तो या फाइलीत न लिहिता विश्वासातल्या एका व्यक्तीला वेगळा द्यावा, आणि ती व्यक्ती तुमच्या मदतीशिवाय संग्रहातले एक चित्र शोधून उघडू शकते का, हे तिच्याकडून एकदा करवून पाहावे.